एक 'इधर' राहून गेलं

ही गोष्ट केशोरीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तरी मी ती आजपर्यंत कोणालाच सांगितलेली नाही. हे कसं, म्हणाल? सांगते. आधी सगळ्यांना माहीत असलेली सांगते, म्हणजे उरलेली कुठली ते तुमच्या आपोआप लक्षात येईल.

माझा मुलगा सुमेध. शाळेत असताना मोबाइलवर ती बंदुकांची गेम खेळायचा, चार जणांची टोळी करून, कानात हेडफोन घालून. टोळीत बालाघाटचा एक मुलगा होता, गोलू. दहावी झाल्यावर मी सुमेधला दरेकसाला माझ्या भावाकडे शिकायला ठेवलं आणि त्याचा फोन काढून घेतला. थोड्याच दिवसांत त्या फोनवर गोलूच्या आईचा फोन आला. बाई हिंदी बोलणारी. सुमेध दिसत नाही, बरा आहे ना, असं विचारत होती. मला सांगायचं होतं की तो आता इथं राहत नाही. आमच्या झाडीबोलीत 'राहणं' सगळीकडे लागतं — माणूस जेवून राहते, झोपून राहते, रुसून राहते. मी तेच उचललं आणि जसंच्या तसं हिंदीत ठेवलं.

"वो तो अब नहीं रहा."

तिनं विचारलं, "कब?" मी म्हटलं, "सोमवार को." तिनं विचारलं, "कैसे?" मी म्हटलं, "रेलगाड़ी से."

इथं लोक हसतात. अंगणवाडीच्या मिटिंगमध्ये सुपरवायझर मॅडमनी मला ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. विहारात कार्यक्रमानंतर भात वाढता वाढता कोणीतरी म्हणतंच, 'ताई, ते रेलगाडीचं सांगा ना.' आणि मी सांगते. हातवारे करून सांगते. एक 'इधर' राहून गेलं, 'इधर नहीं रहता' म्हणायचं होतं, मग रेंज गेली, आणि माझा धडधाकट पोरगा बालाघाटच्या एका घरात कितीतरी वर्षं मेलेला राहिला. पुढं तो स्वतःच त्या दारात जाऊन उभा राहिला तेव्हा कुठं उलगडा झाला. लोक डोळे पुसतात हसून हसून.

फक्त 'मग रेंज गेली' या जागी मी दरवेळी जरा घाईनं पुढं जाते. कोणाच्या लक्षात आलं नाही अजून. आमच्याकडे रेंज जाते हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

सुमेध लहान होता तेव्हा फार बोलायचा. त्याचे बाबा गोंदियाला राइस मिलमध्ये, शनिवारी रात्री येणार, रविवारी जाणार. म्हणजे घरात आम्ही दोघंच. मी अंगणवाडी सेविका, दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची, आणि संध्याकाळी माझं लेकरू माझं. ओट्यावर बसून शेंगा सोलायचो. कोणत्या मास्तरनं कोणाला छडी मारली, कोणाच्या डब्यात काय होतं, तळ्यावर कोणी साप पाहिला — सगळं मला कळायचं. शेजारच्या बाया म्हणत, आमची पोरं काही सांगतच नाहीत व बाई. मी मनातल्या मनात फुगायची. माझा सांगतो! गर्वच होता मला. का नसावा?

मग नववीत फोन आला घरात. आणि माझ्या वाट्याला 'हं' आला.

जेवला का? हं. पेपर कसा गेला? हं. उद्या मामा येणार आहे. हं.

वय आहे, म्हटलं. मलाही कळतं, मी काही अगदीच अडाणी नाही. मुलगा मोठा होतो, आईपासून सुटा होतो, हे सगळं प्रशिक्षणात शिकवतात आम्हाला. त्याच्या वर्गातली पोरंही तशीच होती. तिघं-चौघं आमच्याच ओट्यावर येऊन बसायची, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि शेजारी बसलेल्याशी फोनमधून भांडायची. त्याचं मला हसूच यायचं. पण रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना भिंतीपलीकडून सुमेधचं हसणं यायचं. खदखदून. ते हसणं मला ओळखीचं होतं. ते माझं होतं, लहानपणापासून. आता ते कोणासाठी चाललंय?

एक दिवस त्याच्या हेडफोनची वायर तुटली. तो नुसताच खेळत होता, आवाज मोठा करून. मी त्याच्यासाठी ताट घेऊन दाराशी आले आणि थांबले, कारण फोनमधून एक बाई बोलत होती.

"सुमेध बेटा, खाना खाया?"

मी वाट पाहिली. आता म्हणेल, हं.

"हाँ आंटी," माझा मुलगा म्हणाला, "आज मम्मी ने तोते की सब्जी बनाई."

आमच्याकडे वालाच्या एका जातीला पोपट म्हणतात, पोपटाच्या शेंगा. थंडीत येतात. ती बाई किंचाळली, 'हाय राम, तोता खा गए?' आणि तिकडची पोरं, इकडचा हा, सगळे लोळेपर्यंत हसले. मग त्यानं तिला समजावून सांगितलं — शेंगा कशा सोलतात, मम्मी त्यात वांगं घालते, लाल मिरचीची भुकटी वरून, मम्मीच्या हाताला चव आहे. एवढं सगळं. मी दारात ताट धरून उभी. तोते की सब्जी! हा विनोद त्यानं मला का नाही सांगितला? भाजी तर मी केली होती ना?

तेव्हापासून मी ऐकायला लागले. हो, चोरून. कबूल करायलाच बसलेय तर तेही घ्या.

गोलूच्या आईचं बालाघाटला रेल्वे फाटकाजवळ किराणा दुकान होतं. गोलू दुकानात मागं बसून खेळायचा आणि ती डाळ-साखर तोलता तोलता मध्ये मध्ये पोरांशी बोलायची. मागून गाडीचा भोंगा वाजायचा, गिऱ्हाईक ओरडायचं, आणि हिचं चालूच. कोण जेवलं, कोण जागं राहिलं, कोणाच्या घरी पाहुणे आलेत. चारही पोरांची नावं, सवयी, सगळं तिला पाठ. एकदा सुमेध सायकलवरून पडला. गुडघा सोललेला मी पाहिला, विचारलं, तर म्हणे 'काही नाही'. आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, हळद दे ना थोडी." हळद लावायची हे त्याला तिनं सांगितलं होतं. माझ्या घरातली हळद माझ्या मुलाच्या गुडघ्याला, आणि सांगणारी बालाघाटची! माझ्या नाकाला कशा मिरच्या झोंबल्या असतील — आणि आमच्या केशोरीची मिरची साधी नसते.

मत्सर हा शब्द पुस्तकात बरा दिसतो. माझं पोटात जळत होतं. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं तरी ती मला दिसायची. जाडजूड, हातभर बांगड्या, दिवसभर गादीवर बसलेली. तिला काय जातं गोड बोलायला? तिला नाही पहाटे उठून चूल, तिला नाही चाळीस लेकरांची वजनं, तिला नाही मॅडमचा फोन, माहिती का भरली नाही म्हणून. आईपणाचं सगळं ओझं मी वाहायचं आणि फुलं हिनं तोडायची?

मी प्रयत्नही केला. एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसले, सहज बसल्यासारखी. त्यानं आवाज कमी केला.

"काय व आई, कायले बसली?"

"अशीच."

"मंग तिकडं बस ना, इकडचा आवाज जाऊन राहिला फोनमंदी."

एकदा म्हटलं, मलाही शिकव तुझी गेम. त्यानं दिला फोन हातात, बिचाऱ्यानं. मी बोट लावलं आणि माझा शिपाई गच्चीवरून सरळ खाली. त्यानं फोन परत घेतला, न रागावता. 'राहू दे, आई.' ते न रागावणंच लागलं मला. तिच्याशी तो भांडायचासुद्धा.

आता गेमबद्दल. लोकांना मी सांगितलं की पोरगं गेमपायी वाया चाललंय. त्याच्या बाबांना सांगितलं, भावाला सांगितलं. पालकांच्या सभेत तर मी उभी राहून बोलले — मोबाइलनं घरातली माणसं एकमेकांना कशी परकी झाली, एका छपराखाली राहून कोणी कोणाशी बोलत नाही. टाळ्या पडल्या. बाया म्हणाल्या, किती खंबीर आहे ही. पण सुमेध काही वाया गेलेला नव्हता हो. दहावीला बरे मार्क होते त्याला. शेतात बोलावलं की यायचा, फोन ठेव म्हटलं की कुरकुरत का होईना ठेवायचा. गेम मी चालवून घेतली असती. मला ती बाई नको होती. सभेत मी एवढं बोलले ते सगळं एका बाईबद्दल होतं, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना काय माहीत?

दरेकसाच का निवडलं, तेही सांगते. भाऊ रेल्वेत गँगमन, त्याला तिथं क्वार्टर आहे. कॉलेज आमगावला, रोज गाडीनं जाता येतं. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एकच. चारी बाजूंनी डोंगर आणि जंगल, त्या क्वार्टरमध्ये फोन लागतच नव्हता तेव्हा. भाऊ स्वतः फोन करायचा तर स्टेशनच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. मला हे पक्कं माहीत होतं.

निघायच्या सकाळी सुमेधनं फोन माझ्या हातात दिला. आदळआपट केली नाही. फक्त म्हणाला, "आई, आंटीले एक फोन करून सांगतो, मंग घे. नाहीतर वाट पाहून राहतील ते."

"मीच सांगीन ना तिले," मी म्हटलं. "गाडी चुकेल तुझी."

आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून गेला. सोमवार होता. रेलगाडीनं गेला. आता तुम्हाला कळलं असेल, त्या विनोदात खोटं असं काहीच नाही.

मी अर्थातच काही सांगितलं नाही. फोन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवला. आठवडा-पंधरा दिवस ठेवला असेल. मग एका दुपारी अंगणवाडीतून आले, जेवले — चांगली पोटभर जेवले, हे लक्षात ठेवा — आणि फोन काढून चालू केला. कशाला? तिचा फोटो बघायला. ती दिसते तरी कशी, माझ्याहून काय वेगळं आहे तिच्यात? फोटो सापडायच्या आधीच फोन हातात वाजायला लागला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नहीं रहा. कब. सोमवार को. कैसे. रेलगाड़ी से.

इथपर्यंत चूक माझ्या जिभेची होती, हे मी शपथेवर सांगेन. घाईत होते, चोरी पकडल्यासारखी घाबरले होते, हिंदी माझं असंच. पण 'रेलगाड़ी से' म्हटल्यावर पलीकडे जी शांतता झाली, तिच्यात मला कळलं. लगेच कळलं. टीव्हीवर हिंदी मालिका काय कमी पाहिल्यात मी? डॉक्टर बाहेर येतो, चष्मा काढतो आणि म्हणतो तेच वाक्य मी माझ्या पोटच्या मुलाबद्दल बोलले होते. 'इधर' हा शब्द माझ्या तोंडात आला होता, अगदी जिभेवर. इधर, इधर नहीं रहता, मामा के घर गया — किती सोपं होतं!

तेवढ्यात ती रडली. रडली कसली, ओरडली. "मेरा बच्चा!" म्हणाली.

तिचा?

तिचा बच्चा? नऊ महिने तिनं वाहिला होता? तापात रात्र रात्र तिनं मांडीवर घेतला होता? मी तो शब्द गिळला. रेंज गेली नव्हती. असा स्वच्छ फोन आमच्या घरात कधी लागला नाही. तिच्या बांगड्या वाजल्या तेही ऐकू आलं, आणि मागं गोलू 'क्या हुआ मम्मी, क्या हुआ' करत होता, तेही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून ऐकत राहिले. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटत होतं. आता ही परत फोन करणार नाही. आता 'खाना खाया' नाही, हळद नाही, तोता नाही. संपलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं, बाई गप्प बसली, घाबरली. पण ती रडता रडता थांबली, नाक ओढलं, आणि तिनं मला विचारलं, "दीदी, आपने कुछ खाया?"

मला हे कोणी कधी विचारत नव्हतं. सुमेधचे बाबा शनिवारी यायचे ते जेवायलाच. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात विचारणारी मीच आणि वाढणारीही मीच. आणि ही परकी बाई, जिचा मी इतके दिवस दुस्वास केला, तिचा तो आवाज. असा आवाज असतो होय तो? म्हणून पोरगं तिच्याकडे जात होतं होय?

"नहीं," मी म्हटलं.

बारीक आवाजात म्हटलं. माझ्या पोटात भात होता, ताट अजून मोरीत पडलं होतं, आणि मी म्हटलं, नहीं. मग ती मला समजावत राहिली, थोडं तरी खा, कोणी आहे का जवळ, पाणी तरी पी. आणि मी ते ऐकून घेतलं. मुलगा दरेकसाला मामाच्या क्वार्टरमध्ये जिवंत, आणि मी त्याच्या मरणाचं सांत्वन खात बसले होते. पोट भरल्यावर फोन मीच कापला.

मग मी तिचा नंबर पुसला, आणि नंतर सगळाच फोन पुसला. फोन अडकला की तो पार कोरा कसा करायचा, हे आम्हा सेविकांना येतं. मॅडमनीच शिकवलं होतं. सिमकार्ड चुलीत टाकलं. सुमेध सुटीत आला तेव्हा त्याला सांगितलं की फोन बिघडला होता, दुकानदारानं साफ केला, सिम बंद पडलं. त्याची गेम गेली, टोळी गेली, सगळं गेलं. त्यानं गेममध्ये नव्यानं खातं काढलं आणि गोलूला शोधायला बसला. त्या गेममध्ये किती गोलू असतात माहीत आहे? देशातल्या प्रत्येक घरात एक असावा. दिवसभर तो एकेका गोलूला विचारत होता, बालाघाटवाला क्या? त्याला काय ठाऊक, की तिकडं खऱ्या गोलूनं खेळणंच सोडून दिलंय.

"आई, तू सांगितलं होतं ना आंटीले?"

"हव."

"मंग काऊन एक निरोप नाही ठेवला त्यायनं?"

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, लोक असेच राहतात, समोर आहे तोवर गोड. त्यानं मान हलवली. माझं ऐकून त्यानं मान हलवली आणि त्या घराबद्दल तसंच मानून घेतलं. त्या वाक्याला तर हिंदीची पळवाट नव्हती, ते मी शुद्ध आमच्या बोलीत बोलले होते. त्यानंतर तो गेम फार खेळला नाही. लोकांनी माझं अभिनंदन केलं, पोराला ताळ्यावर आणलंस म्हणून. सुटीत आला की संध्याकाळी तो माझ्याजवळ बसायचा, टीव्ही समोर, हातात काही नाही. मला हवा होता तसा, अख्खा. मी विचारायची, जेवला का? तो म्हणायचा, हं. भिंतीपलीकडचं हसणंही आता येत नव्हतं.

पुढं त्यानं आयटीआय केलं आणि मोबाइलच्या टॉवरवर कामाला लागला. जिकडे बिघाड तिकडे जायचं. एकदा बालाघाटला धाडलं. काम संपल्यावर तो रेल्वे फाटक शोधत निघाला. त्याला पत्ता माहीत नव्हता, पण हेडफोनमधून ऐकलेला भोंगा आणि फाटक पडतानाची घंटा त्याच्या ध्यानात होती. दुकान सापडलं. गल्ल्यावर एक बारीकशी, पांढऱ्या केसांची बाई होती. त्यानं म्हटलं, "आंटी, मैं सुमेध, केशोरीवाला." तिनं त्याला कधी धड पाहिलेलं नव्हतं, पण आवाजानं ओळखलं. हातातलं माप पडलं. आणि ती त्याचे पाय बघायला लागली, सरळ आहेत की उलटे.

तिथूनच त्यानं मला फोन केला. हसत होता की रडत होता, मला कळेना.

"आई, तू तं मले मारूनच टाकलं व! मी जित्ता आहो म्हणून सांगून राहिलो इथं!" मग कब-सोमवार-कैसे-रेलगाड़ी, सगळं. "तुह्यं हिंदी म्हणजे आई..." त्याला सुचलंसुद्धा नाही दुसरं काही. फक्त एकदा विचारलं, आंटीचा फोन आला होता हे बोलली काऊन नाही? मी म्हटलं, विसरली, मधेच रेंज गेली होती. एवढंच. मग तिनं फोन घेतला. मी जीव मुठीत धरला. तर ती माझीच माफी मागायला लागली. दीदी, मी नीट ऐकलं नाही, मी अभागी बाई तुमच्या जिवंत मुलाला रडले, मला क्षमा करा. मी काय म्हटलं असेल? "होता है," म्हटलं. मी तिला माफ केलं, ऐकताय ना?

या थंडीत ती केशोरीला आली, गोलूला घेऊन. जाडजूड नव्हती, बांगड्याही दोनच होत्या. गोलू मोठा झालाय, कमी बोलतो. सुमेधच्या शेजारी बसला होता आणि मध्ये मध्ये त्याच्या खांद्याला हात लावून बघत होता, काही कारण नसताना. तिनं सहज सांगितलं, की फाटकाजवळ दुकान, दिवसभर गाड्या जायच्या, आणि तेव्हा गाडी आली की गोलू आतल्या खोलीत जाऊन कानावर उशी धरायचा. शाळेचं एक वर्ष गेलं त्याचं. सहज सांगितलं तिनं. सुमेध ताटाकडे बघत बसला.

मग सुमेधच म्हणाला, आई, तू सांग ना तुझ्या तोंडानं. आणि मी सांगितलं. तिच्यासमोर. हातवारे करून. सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता म्हणाली, "मैंने पूछा भी, दीदी खाना खाया? तो बोलीं, नहीं. अब समझी. बेटा पहली बार घर से गया था, मां के गले से कैसे उतरता?"

बघा, माझ्यासाठी सबबसुद्धा तिनंच करून आणली होती.

मी पोपटाची भाजी केली होती, वांगं घालून. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाली, अशीच, पण मला अशी नाही जमायची. मग सांगितलं. दरवर्षी थंडीत बाजारात शेंगा आल्या की ती एक दिवस ही भाजी करायची, आणि फाटकावरून जाणाऱ्या कोणत्याही उपाशी मुलाला बोलावून बसवून जेवू घालायची. सुमेध के नाम से. तोते की सब्जी.

आम्ही विहारात जाणारे, आमच्या घरात मेलेल्याच्या नावानं ताट वाढत नाहीत. तरी सुमेधनं तोंड फिरवलं. आणि मला काय वाटलं? लाज? ती तर होतीच. पण लाजेच्या आधी, सगळ्यात आधी, तीच जुनी आग पेटली पोटात. माझा मुलगा मेल्यावरही तिच्याच घरी जेवत होता.

मी उठले, तिच्या ताटात अजून भात घातला. ती नको नको म्हणत होती, ताटावर हात धरत होती, आणि मी वाढतच होते. शेवटी तिनं माझा हात धरला.

"दीदी, बस. आपने खाया?"

"हाँ," मी म्हटलं.

मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.